गल्लीतल्या रस्त्याची बातमी: ठरावापासून शेवटच्या देयकापर्यंत

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला मी पहिल्यांदा बसले तेव्हा विषयपत्रिकेवर एकोणीस विषय होते आणि सभा पंचवीस मिनिटांत उरकली. विषयाचा क्रमांक पुकारायचा, ‘मंजूर, मंजूर’ असा गलका व्हायचा, बाकं वाजायची, की पुढचा विषय. दुसऱ्या दिवशी आमच्या पत्रकात मी लिहिलं, सभा खेळीमेळीत पार पडली. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून जे सहा विषय घेतले, त्यातल्या एकात आमच्याच वस्तीतला रस्ता होता. हे मला कळलं सात महिन्यांनी, दारात खडी येऊन पडली तेव्हा.

तालुक्याच्या गावात, कुणी मालक डोक्यावर नसताना, चार माणसांनी मिळून पालिकेच्या कारभाराची पत्रकारिता कशी करायची, ते पुढे लिहिते आहे. गेली काही वर्षं आम्ही हेच करतो. यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: एक काम धरायचं आणि ठरावापासून शेवटचं देयक निघेपर्यंत ते सोडायचं नाही. सभेत कोण काय बोललं, कुणी सभात्याग केला हे सगळे छापतातच. पैसा कुठल्या कागदावरून कुठे गेला, हे सहसा कुणी छापत नाही.

हे करायला पुणे-मुंबईच लागते असंही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. मला मात्र जास्त जवळचे वाटतात मुकुंदराव पाटील. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते कित्येक दशकं चालवलं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ आहे. गावातल्या बायकांनी गावातल्याच बोलीत, हापसा, रेशन आणि रस्ता यांच्या बातम्यांपासून ते उभं केलं.

आधी माणसं जमवा

तिघं-चौघं पुरेत, पण वेगवेगळ्या वकुबाची हवीत. एकाला कागद वाचण्याचा कंटाळा नसावा. एकाची वस्तीत उठबस असावी, म्हणजे पाणी आलं नाही की पहिला फोन त्याला जातो. एकाला मोबाईलवर नीट फोटो काढता आणि मांडणी करता यावी. चौथा माणूस मिळाला तर नशीब समजा: सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला लिपिक. आमच्यात असे एक काका आहेत. कुठल्या टेबलावरून फाईल कुठे जाते आणि कुठे अडते, टिपणीच्या कडेला ‘चर्चा करावी’ असा शेरा कधी पडतो, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न स्पष्ट विचारून घ्या. तुमच्या घरात कुणी ठेकेदार आहे का? आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचा विचार आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर त्या माणसाला मित्र म्हणून ठेवा, चमूत घेऊ नका. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते वाचकांना सांगायचं आणि त्या ठेकेदाराच्या कामाला त्या व्यक्तीने हात लावायचा नाही.

पहिला महिना काही लिहू नका

हा महिना इमारत ओळखण्यात घालवा. आवक-जावक कुठे, बांधकाम विभागात कोण बसतं, लेखा विभाग कुठल्या मजल्यावर, पाणीपुरवठ्याचा अभियंता कधी भेटतो, आरोग्य निरीक्षक सकाळी किती वाजता हजेरी घेतात. सफाई कामगारांची हजेरी पहाटे असते, तिथे एकदा तरी उभे राहा. मुकादम किती नावं पुकारतो आणि किती जण ‘हजर’ म्हणतात, ते कान देऊन ऐका. शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना नावानिशी ओळखा. काम नसताना गेलात, नमस्कार करून दोन मिनिटं बोललात, तर काम असताना दार उघडं सापडतं.

याच महिन्यात तीन कागद मिळवा: चालू वर्षाचा अर्थसंकल्प, गेल्या वर्षभरातल्या सभांची इतिवृत्तं आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली पालिकेने स्वतःहून जाहीर करायची माहिती. राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं सांगितलं होतं. तुमच्या पालिकेत ते पाळतात का, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. नाही म्हणाले तर ते लेखी मागा.

इतिवृत्त वाचताना शेवटून सुरुवात करा. ऐनवेळचे विषय शेवटी असतात. विषयपत्रिकेवर नसलेलं काम तिथे आलं असेल तर त्याची वेगळी खूण करा. प्रत्येक वेळी त्यात काळंबेरं असतंच असं नाही, कधी खरंच तातडी असते. पण सहा महिन्यांत अशी किती कामं आली आणि किती रकमेची, हे मोजलं की तीच पहिली बातमी होते.

प्रशासकांच्या काळातले ठरावही वेगळे काढून ठेवा. २०२२ च्या आसपास राज्यातल्या बहुतेक नागरी संस्थांची मुदत संपली. पुढच्या निवडणुका नगरपरिषदांना डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांना जानेवारी २०२६ मध्ये मिळाल्या. मधल्या काळात ठराव झाले, पण त्यावर सभागृहात चर्चा करायला नगरसेवकच नव्हते. त्या कामांची बिलं अजून निघत असतील, तर त्या काळाचे कागद मागायला हीच वेळ आहे.

एक काम निवडा आणि त्याची साखळी मांडा

पहिल्या खेपेला शंभर कोटींची पाणीयोजना धरू नका. दमछाक होईल. शंभर-दीडशे मीटरचा काँक्रीट रस्ता, एखादं गटार किंवा सार्वजनिक शौचालय धरा. टेपने मोजता येईल आणि शेजाऱ्यांना विचारता येईल असं.

कुठल्याही बांधकामाची कागदांची साखळी साधारण अशी असते. काम कुठल्या निधीतून आहे, ते आधी बघा: वित्त आयोग, जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, दलित वस्ती सुधार योजना की पालिकेचा स्वनिधी. मग ठराव. मग अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता. मग निविदा, जी राज्य सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नंतर कार्यारंभ आदेश, आणि काम चालू असताना अभियंत्याने लिहिलेली मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. त्यावर देयक. मग काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि शेवटी दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते) संपल्यावर ठेकेदाराला परत जाणारी सुरक्षा ठेव.

यातले दोन कागद हातात आले तर बाकीच्यांचा अर्थ आपोआप लागतो: अंदाजपत्रक आणि एमबी. काय करायचं ठरलं ते पहिल्यात, काय झालं म्हणून पैसे दिले ते दुसऱ्यात. तिसरी बाजू म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे, आणि ती बघायला तुम्ही आहात.

माहितीचा अर्ज

केंद्राचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. त्याआधी महाराष्ट्राने २००२ चा स्वतःचा कायदा केला होता. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. राज्याच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत ठेवायचा. प्रतीचे पानाला २ रुपये. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही.

नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात, ‘का’ विचारतात. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याचं उत्तर कुठल्याच फायलीत नसतं, म्हणून अर्ज सहज निकाली निघतो. कागदाचं नाव घेऊन मागा. आमचा अर्ज साधारण असा असतो:

‘प्रभाग क्र. … मधील … ते … या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. १) मंजूर अंदाजपत्रक व नकाशा २) कार्यारंभ आदेश ३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने ४) अदा केलेली सर्व देयके ५) क्यूब व इतर गुणवत्ता चाचणी अहवाल ६) काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच मूळ नस्तीचे अवलोकन करण्यास दिनांक व वेळ कळवावी.’

नकाशा आणि अवलोकन हे शब्द विसरू नका. नकाशा का, ते पुढे सांगते. अवलोकनात फाईल समोर येते आणि मागायला सुचलं नव्हतं ते पानही दिसतं.

पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, त्यानंतर माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. पुढचं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे. तिथे फार वेळ जातो, म्हणून आम्ही पहिल्या अपिलाच्या सुनावणीला नेहमी स्वतः हजर राहतो. अधिकारी आणि अर्जदार समोरासमोर बसले की बरेच कागद तिथेच मिळतात.

‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार आला तर घाबरू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदलून नकाराची वाट रुंद केली आहे, हे खरं. पण सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं सांगणारं कलम ८(२) शाबूत आहे. अपिलात त्याचाच आधार घ्या. शिवाय रस्त्याची लांबी ही कुणाची खासगी बाब नव्हे.

टेप, वही आणि शेजारी

समजा अंदाजपत्रकात रस्ता १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि काँक्रीटची जाडी १५० मिलिमीटर आहे. १२० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे ५४ घनमीटर काँक्रीट. तयार काँक्रीटची एक गाडी ६ घनमीटरची धरली तर ९ गाड्या. आमच्या गल्लीत काम झालं त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी दिवसभर ओट्यावर होत्या. त्यांना विचारलं, ‘आजी, त्या फिरत्या पिंपाच्या गाड्या किती आल्या?’ त्या म्हणाल्या, ‘जेवायच्या आधी चार, नंतर दोन. सातवी आलीच नाही, पोरं वाट बघत बसली होती.’ हा पुरावा म्हणून छापायचा नसतो. पण कुठला कागद मागायचा ते त्यातून कळतं: गाड्यांची चलनं, म्हणजे प्रत्येक गाडीसोबत येणारी मालाची पावती.

जाडी कडेला मोजून निष्कर्ष काढू नका. कडेला काँक्रीट उतरतं झालेलं असतं, कधी साच्यापाशी जास्तही भरतं. जाडीसाठी कोअर चाचणीचा, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेल्या काँक्रीटच्या नळकांड्याच्या चाचणीचा, अहवाल मागा. माहिती अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचाही हक्क आहे. क्यूब चाचणीच्या अहवालात ताकदीच्या आकड्याआधी तारखा बघा. क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचा पाडलेला ठोकळा, ओतल्यापासून २८ दिवसांनी तो दाबून बघायचा असतो. काम १० तारखेला झालं आणि २८ दिवसांचा अहवाल त्याच महिन्याच्या २५ तारखेचा असेल, तर पुढचा प्रश्न तिथेच सापडला.

लांबी दोघांनी मोजायची, दोनदा, शक्यतो पालिकेच्या माणसाला बोलावून. टेप जमिनीवर ठेवलेला, आकडा स्पष्ट दिसणारा फोटो काढा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाला ओळखू येणारी खूण हवी: दुकानाची पाटी, विजेचा खांब, देऊळ.

समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय छापायचं नाही

हे मी आमच्या चुकीवरून सांगते. एका रस्त्याची लांबी कागदावर १२० मीटर होती. आम्ही मोजली, ८४ मीटर भरली. कनिष्ठ अभियंत्यांना दोन वेळा फोन केला, त्यांनी उचलला नाही. आम्ही छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले, शांतपणे नकाशा उलगडला आणि बाजूच्या बोळावर बोट ठेवलं. उरलेले ३६ मीटर त्याच कामाच्या नावाखाली त्या बोळात केलेले होते. आम्ही नकाशा मागितलाच नव्हता. त्या माणसाला रात्रभर वस्तीतल्या लोकांचे फोन येत होते, त्यांच्या मुलीला शाळेत विचारलं गेलं. पुढच्या अंकात, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात आम्ही दुरुस्ती छापली आणि चूक कशी झाली तेही लिहिलं. ती बोच अजून आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा: ज्याच्यावर बोट आहे त्याला प्रश्न लेखी पाठवायचे, क्रमांक घालून, निदान तीन कामाचे दिवस देऊन. पोच घ्यायची. उत्तर आलं तर त्याचा मुद्दा न मोडता छापायचा. नाही आलं तर कोणत्या तारखेला विचारलं होतं ते लिहायचं. ठेकेदाराशीही बोलायचं. बऱ्याचदा खरी अडचण त्याच्याकडून कळते, बिल दीड वर्ष अडकल्याची.

लिहिताना

‘रस्त्याच्या कामात मोठा गैरव्यवहार झाल्याचा आरोप होत आहे’ हे वाक्य विसरा. आरोप कोण करतंय, किती रुपयांचा, कशावरून, यातलं काहीच त्यात नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘मोजमाप पुस्तिकेत ५४ घनमीटर काँक्रीटची नोंद आहे. चलनं ३६ घनमीटरची मिळाली. उरलेल्या १८ घनमीटरची चलनं आम्ही ४ तारखेला लेखी मागितली, ती आज अंक छापेपर्यंत मिळालेली नाहीत.’ यात कुणाला चोर म्हटलेलं नाही, आणि वाचकाला सगळं कळलं. बदनामीचा खटला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होऊ शकतो. हातात कागद असला आणि शब्द कागदापलीकडे गेले नाहीत, तर तुमची बाजू भक्कम राहते.

सरकारी शब्द फोडून सांगा. ‘दोषदायित्व कालावधी’ लिहून थांबू नका. या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा, असं लिहा. गुन्ह्याच्या प्रकरणात आलेल्या लहान मुलांची आणि लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रियांची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, शाळेचं किंवा गल्लीचं नावसुद्धा नाही. तसा कायदाच आहे.

पोचवायचं कसं, पैसे कुठून

आमची दोन पानी पत्रिका झेरॉक्सवर निघते आणि व्हॉट्सॲपवर जाते. चौकातल्या वार्ताफलकावर एक बातमी खडूने लिहितो. मोबाईल न वापरणारी माणसं ती उभी राहून वाचतात, आणि पालिकेतले कर्मचारीही तिथेच वाचतात. छापील नियतकालिक नियमित काढायचं असेल तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे ऑनलाईन नोंदणी करा.

पैशाबद्दल माझं मत कडक आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती घेऊ नका. नगरसेवकाचा हसरा फोटो पहिल्या पानावर आणि त्याच्या प्रभागातल्या गटाराची बातमी आत, हे चालत नाही. लोक बरोबर ओळखतात. पत्रकार परिषदेतलं पाकीट तर हातात घ्यायचंच नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडं केलं होतं. ती सवय वरून खाली झिरपत तालुक्यापर्यंत आलेली आहे. आम्ही वर्गणी घेतो, थोडी, पुष्कळ जणांकडून, आणि महिन्याचा जमाखर्च पत्रिकेतच छापतो. किराणा दुकानदाराची, शिकवणीची, डेअरीची जाहिरात चालते. पालिकेचा ठेका असलेल्याची चालत नाही. सगळ्यांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, म्हणून हे निभतं.

सुरक्षिततेचं हलक्यात घेऊ नका

राजापूरला शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ ला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते रिफायनरीविरोधातल्या आंदोलनाच्या बातम्या करत होते. छत्तीसगडमध्ये बिजापूरच्या मुकेश चंद्राकार यांचा मृतदेह ३ जानेवारी २०२५ ला सेप्टिक टँकमध्ये सापडला. रस्त्याच्या ठेक्यावरची बातमी त्यामागे होती, असं तपासात पुढे आलं. दोघंही आपल्याच गावाजवळच्या बातम्या करत होते. छोट्या गावात बातमी करणाऱ्याचं घर सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून मोजायला एकटं जायचं नाही. ठेकेदाराला भेटायचं तर दिवसा, चारचौघांत, ‘शेतावर या’ म्हटलं तर नाही. मूळ कागद घरात ठेवायचे नाहीत, प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि धमकी आल्याचं छापा. नावं एकट्याची देऊ नका, बातमी सगळ्यांच्या नावाने जाऊ द्या. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तो प्रसारमाध्यम संस्थेत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. व्हॉट्सॲपवर पत्रिका काढणाऱ्याला तो लागू होईलच, असं धरून चालू नका. जिल्ह्यातल्या पत्रकार संघाशी आणि एखाद्या वकिलाशी ओळख आधीच करून ठेवा.

वही

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि तेच बहुतेक जण सोडतात. आमच्याकडे एक जाड वही आहे. प्रत्येक कामाला एक पान: निधी, ठराव क्रमांक, रक्कम, ठेकेदार, अर्जाची तारीख, उत्तराची तारीख, मोजलेली लांबी, छापलेला अंक. सगळ्यात खाली लाल शाईने एक तारीख असते. काम पूर्णत्वाच्या दाखल्यावरची तारीख घ्यायची आणि निविदेत दोषदायित्वाची जितकी वर्षं लिहिली असतील तितकी त्यात मिळवायची. त्या तारखेच्या दोन महिने आधी, शक्यतो एक पावसाळा खाऊन झाल्यावर, पुन्हा त्या रस्त्यावर जायचं. भेगा, उखडलेली खडी, तुंबलेलं पाणी यांचे फोटो आधीच्या खुणांशी जुळवून काढायचे आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्यायचं, की ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेतल्याशिवाय सुरक्षा ठेव परत करू नये. त्या पत्राची पोच वहीच्या त्याच पानावर चिकटवायची. आमच्या गल्लीच्या रस्त्याच्या पानावर अशा दोन पोचा आहेत. दुसऱ्या पत्रानंतर अकराव्या दिवशी पालिकेच्या पत्रावर ठेकेदाराची माणसं आली आणि आजींच्या ओट्यासमोरचा सहा मीटरचा तुकडा फोडून त्यांनी पुन्हा ओतला. त्या दिवशी टेप धरायला आजींचा नातू होता.